‘त्योच असंल काय की’: साक्षीदाराची शंका, पोलिसांचा कागद आणि फाशीची शिक्षा

बेळगावहून वेंगुर्ल्याच्या रस्त्याला लागले की थोड्याच वेळात हिंडलगा येते आणि हिंडलगा म्हटले की आपल्या भागात गावाआधी तुरुंग आठवतो. ‘हिंडलग्याला पाठवीन’ ही धमकी आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी ऐकली आहे. कर्नाटकात फाशी देण्याची सोय असलेले कारागृह म्हणून याच कारागृहाचे नाव घेतले जाते, त्यामुळे राज्याच्या दुसऱ्या टोकाला फाशीची शिक्षा झालेले कैदीही येथे आणून ठेवले गेले आहेत. गेल्या कित्येक दशकांत येथे कोणाला फाशी झालेली नाही. तरीही फाशी हा शब्द आपल्यासाठी केवळ वर्तमानपत्रातला शब्द नाही, कारण ती जागा रोजच्या बसच्या वाटेवर आहे.

एखाद्या क्रूर गुन्ह्याची बातमी आली की ‘फाशीच द्या’ ही मागणी आपल्या तोंडून सहज निघते. त्यामागचा संताप मला समजतो. पण त्या मागणीच्या आधी एक प्रश्न येतो आणि तो प्रश्न या लेखाचा विषय आहे: ज्याला आपण फाशी द्या म्हणतो आहोत, गुन्हा त्यानेच केला हे कशावरून ठरले? हे ठरवण्याची प्रक्रिया कोठे चुकू शकते आणि आपल्यासारख्या दोन भाषांच्या मुलखात ती चुकण्याची आणखी एक वाट कशी तयार होते, हे मी शक्य तितक्या सोप्या भाषेत मांडणार आहे.

‘चुकीचा निकाल’ म्हणजे नेमके काय, हे आधी स्पष्ट करायला हवे. ज्याने गुन्हा केलेलाच नाही त्याला दोषी ठरवणे ही उघड चूक झाली. पण गुन्हा त्यानेच केला असला, तरी कायद्याच्या कसोटीला न उतरणारी फाशी त्याला देणे हीसुद्धा चूकच असते. १९८० च्या बच्चनसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की खुनासाठी जन्मठेप हा नियम आहे आणि फाशी हा अपवाद आहे. फाशी फक्त ‘दुर्मिळातील दुर्मिळ’ प्रकरणात द्यायची आणि त्या वेळी गुन्ह्याबरोबर गुन्हेगाराचाही, म्हणजे त्याचे वय, परिस्थिती, सुधारण्याची शक्यता यांचाही विचार करायचा. पुढे १९९५ च्या एका निकालात याच न्यायालयाने फक्त गुन्ह्याकडे पाहिले आणि नंतरच्या काही निकालांनी त्याचाच आधार घेतला. २००९ मध्ये न्यायालयाने स्वतःच मान्य केले की ते निकाल बच्चनसिंग निकालाला धरून नव्हते. २०१२ मध्ये चौदा निवृत्त न्यायमूर्तींनी राष्ट्रपतींना लिहिले की अशा चुकीच्या आधारावर तेरा जणांची फाशी उभी आहे आणि दोघांना तर ती आधीच दिली गेली आहे. सही करणाऱ्यांत आपल्या परिचयाचे न्या. पी. बी. सावंत होते. त्या दोघांना फाशी १९९६ आणि १९९७ मध्ये झाली होती. चूक मान्य झाली तेव्हा ती दुरुस्त करून घ्यायला ते उरले नव्हते.

आता पहिल्या प्रकारच्या चुकीकडे वळतो, कारण ती न्यायालयात जन्मत नाही. ती बहुतेक वेळा पोलीस ठाण्यात, पहिल्या दोन-चार दिवसांत, कागदावर जन्मते.

समजा, खानापूर तालुक्यातल्या एका वाडीवर रात्री खून झाला. शेजारच्या म्हातारीने अंगणातून कोणाला तरी पळताना पाहिले. दुसऱ्या दिवशी पोलीस तिला विचारतात, गावातला अमुक होता का? ती म्हणते, ‘त्योच असंल काय की.’ हे वाक्य बेळगावकडच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. ‘असंल’मध्ये एक शंका आहे आणि ‘काय की’मध्ये दुसरी. म्हातारी सांगते आहे की तिला तसे वाटले, पण ती खात्री देत नाही. जबाब कन्नडमध्ये लिहिला जातो. लिहिणारा प्रामाणिक आणि काळजी घेणारा असेल, तर तो ‘अवने इरबहुदु’, म्हणजे ‘तोच असू शकेल’ असे लिहील, आणि तरीही ‘काय की’ गळून पडेल. तो घाईत असेल, किंवा त्याच्या मनात आरोपी आधीच ठरलेला असेल, तर ‘अवने इद्द’, म्हणजे ‘तोच होता’ असे लिहिले जाईल. एका शब्दाच्या फरकाने शंकेची खात्री होते. यात कोणी खोटे बोललेले नसते, कदाचित कोणाचा वाईट हेतूही नसतो. आपल्या भागातल्या पोलिसांपैकी कितीतरी जण उत्तम मराठी बोलतात आणि म्हातारीला आजी म्हणून बसवून घेतात. पण कागद एका भाषेतला आणि तोंड दुसऱ्या भाषेतले, ही फट माणसाच्या चांगुलपणाने बुजत नाही.

पुढे काय होते ते पाहा. पोलिसांपुढच्या जबाबावर साक्षीदाराची सही घ्यायची नसते, असा कायदा आहे. ही तरतूद साक्षीदाराच्या संरक्षणासाठी आहे, कारण तो जबाब स्वतः पुरावा ठरत नाही. मात्र साक्षीदार कोर्टात वेगळे बोलला, तर त्याला खोडण्यासाठी तो वापरता येतो. म्हणजे दोन-तीन वर्षांनी म्हातारी कोर्टात उभी राहून खरे तेच बोलली, की ‘मला तसं वाटलं, पण अंधार होता’, तर सरकारी वकील न्यायालयाच्या परवानगीने तिला तिचाच जबाब दाखवून विचारतात, ‘तू पोलिसांना तर तोच होता असे सांगितले होतेस.’ तिने तसे सांगितलेलेच नसते. पण वाचता न येणाऱ्या लिपीतल्या, स्वतःची सही नसलेल्या कागदाशी तिचे भांडण सुरू होते आणि ती ‘फितूर’ ठरण्याची वेळ येते. मग ती घाबरून ‘हो’ म्हणते, किंवा गोंधळून गप्प बसते. ती ‘हो’ म्हणाली की तेवढ्यात चुकीच्या निकालाचा पाया पक्का होतो.

या ठिकाणी दोन निकाल सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही आणि ते दोन्ही महाराष्ट्रातून गेलेल्या खटल्यांचे आहेत. १९७३ च्या शिवाजी सहाबराव बोबडे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की आरोपी दोषी ‘असू शकेल’ एवढे पुरत नाही, तो दोषी ‘असलाच पाहिजे’ अशी स्थिती हवी, आणि या दोहोंमधले अंतर मोठे आहे. १९८४ च्या शरद बिर्धीचंद सारडा खटल्यात हेच तत्त्व पुढे नेऊन, प्रत्यक्ष पाहणारा कोणी नसताना परिस्थितीजन्य पुराव्यावर दोषी ठरवण्यासाठी पाच कसोट्या घालून दिल्या गेल्या. आज देशातल्या कोणत्याही सत्र न्यायालयात हा निकाल रोज उद्धृत होतो. पण त्यातल्या आरोपीला पुण्याच्या सत्र न्यायालयाने फाशी दिली होती आणि मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली होती, ही गोष्ट कमी लोकांना ठाऊक असते. सर्वोच्च न्यायालयाने त्याची निर्दोष मुक्तता केली. ‘असू शकेल’ आणि ‘असलाच पाहिजे’ यांतले अंतर दोन न्यायालयांच्या नजरेतून सुटले होते. आपली म्हातारी मात्र हेच अंतर ‘काय की’ या दोन शब्दांत नेमके सांगत असते.

जबाबासारखाच दुसरा कागद म्हणजे पंचनामा. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही, हे बहुतेकांना माहीत असते. पण आरोपीने सांगितले म्हणून एखादी वस्तू सापडली, तर त्या सांगण्याचा तेवढाच भाग ग्राह्य धरला जातो. जुन्या साक्ष कायद्याचे हे कलम २७ होते आणि नव्या भारतीय साक्ष अधिनियमातही ही तरतूद कायम आहे. त्यामुळे खुनाच्या बहुतेक खटल्यांत ‘आरोपीने काढून दिलेली कुऱ्हाड’ किंवा ‘आरोपीने दाखवलेले रक्ताचे कपडे’ असतातच. ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशातल्या फाशीच्या एका कैद्याला निर्दोष सोडले आणि त्याच महिन्यात कर्नाटकातल्या एका खून खटल्यातील आरोपीचीही सुटका केली. दोन्ही निकालांत एक मुद्दा ठळक होता: दोन स्वतंत्र पंचांसमोर आरोपीने नेमके कोणते शब्द उच्चारले, ते पंचनाम्यात जसेच्या तसे यायला हवेत. ‘आरोपीने हत्यार दाखवण्याची तयारी दर्शवली’ हे पोलिसांचे वाक्य झाले, आरोपीचे नव्हे. आता हा नियम आपल्याकडे लावून पाहा. आरोपी बोलतो मराठीत, पंच कदाचित मराठीच समजणारे आणि कागद कन्नडमध्ये. मग ‘नेमके शब्द’ कोणत्या भाषेत नोंदवले जाणार? निपाणी, खानापूर, बेळगाव तालुक्यात ठाण्यासमोरच्या चहाच्या टपरीवरून बोलावून आणलेल्या पंचाने न वाचता येणाऱ्या कागदावर सही करणे ही काही अनोखी गोष्ट नाही. पाच मिनिटांत सही होते आणि तिच्यावर एखाद्याचे सारे आयुष्य टांगलेले असते.

हा प्रश्न मी केवळ मराठी माणसाची तक्रार म्हणून मांडत नाही. सोलापूर जिल्ह्यात अक्कलकोटला किंवा सांगली जिल्ह्यात जतला कन्नड बोलणाऱ्या शेतकऱ्याचा जबाब मराठीत लिहिला जातो, तेव्हा त्याच्या ‘इरबहुदु’चेही ‘होता’ होऊ शकते. सीमाभागात भाषेवर आपण खूप बोललो आहोत. शाळा, पाट्या, सातबारा यांवर बोललो. फौजदारी खटल्यातल्या भाषेवर मात्र फारच थोडे बोललो आहोत, आणि तेथे तर माणसाचे स्वातंत्र्य किंवा जीव पणाला लागलेला असतो.

चूक किती वरपर्यंत जाऊ शकते हे समजण्यासाठी नाशिकचे एक प्रकरण पाहू. जून २००३ मध्ये एका शेतातल्या झोपडीवर दरोडा पडला, पाच जणांचा खून झाला आणि बलात्कारही झाले. दोघे जण जखमी होऊन वाचले. भटक्या जमातीतल्या, मजुरी करणाऱ्या सहा गरीब माणसांना या प्रकरणात पकडले गेले. २००६ मध्ये सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी दिली. २००७ मध्ये उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवली आणि तिघांना जन्मठेप दिली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांची जन्मठेपही वाढवून फाशी केली, म्हणजे सहाही जण पुन्हा फाशीच्या कोठडीत आले. यांतला एक जण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हे पुढे निष्पन्न झाले. २०१८ मध्ये न्यायालयाने आपला निकाल मागे घेऊन अपिले नव्याने ऐकली आणि मार्च २०१९ मध्ये सहाही जणांना निर्दोष सोडले. कारण काय? वाचलेल्या साक्षीदाराने घटनेनंतर दोनच दिवसांनी पोलिसांच्या छायाचित्रांतून चार माणसे ओळखली होती, आणि ती चार माणसे या सहांपैकी नव्हती. त्या चौघांचे पुढे काहीच झाले नाही आणि ही गोष्ट खटल्यात पुढे आणली गेली नाही. सोळा वर्षे ती माणसे तुरुंगात होती. न्यायालयाने प्रत्येकाला पाच लाख रुपये देण्याचा आदेश राज्य सरकारला दिला.

या प्रकरणातली तारीख विसरण्यासारखी नाही: ७ जून २००३. खरे उत्तर त्या दिवशी एका कागदावर आले होते. पुढच्या सोळा वर्षांत तीन पातळ्यांवरच्या न्यायालयांनी हजारो पाने वाचली, पण त्या कागदाला त्याचे वजन मिळाले नाही.

‘मग अपिले कशाला असतात?’ हा प्रश्न रास्त आहे. बेळगावच्या सत्र न्यायालयाने एखाद्याला फाशी सुनावली, तर ती लगेच अमलात येत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४०७ नुसार (जुन्या संहितेत ते कलम ३६६ होते) सर्व कागदपत्रे उच्च न्यायालयाकडे जातात, आपल्या बाबतीत धारवाडच्या खंडपीठाकडे, आणि उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय फाशी देता येत नाही. त्यानंतर दिल्लीत सर्वोच्च न्यायालयात अपील करता येते. तेथे हरल्यास पुनर्विचार याचिका असते. २०१४ पासून फाशीच्या प्रकरणांत ती किमान तीन न्यायाधीशांपुढे खुल्या न्यायालयात ऐकावी लागते. मग राज्यपाल आणि राष्ट्रपतींकडे दयेचा अर्ज, आणि अगदी शेवटचा उपाय म्हणून क्युरेटिव्ह याचिका. ही शिडी खरी आहे आणि तिने अनेकांचे जीव वाचवले आहेत. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, २००० नंतरच्या सुमारे दीड दशकात खालच्या न्यायालयांनी दिलेल्या ज्या फाशींचा वर निकाल लागला, त्यांपैकी पाच टक्क्यांहूनही कमी शेवटपर्यंत टिकल्या. सुमारे ३० टक्के प्रकरणांत माणूस निर्दोष सुटला.

हे आकडे दोन तऱ्हांनी वाचता येतात. ‘पाहा, चुका वर पकडल्या जातात’ असे कोणी म्हणेल. मला ते वाचन पुरेसे वाटत नाही. ज्यांना मृत्यूची शिक्षा सुनावली गेली त्यांतल्या जवळजवळ दर तिसऱ्या माणसाला ती सुनावण्याइतका पुरावाच नव्हता, असे वरची न्यायालये सांगतात. निर्दोष सुटलेला प्रत्येक जण खरोखर निरपराध असतोच असे नाही. पुरावा तोकडा पडला, एवढाच त्या निकालाचा अर्थ कधीकधी असतो. तरीही ज्या यंत्रणेत पहिल्या पायरीवर इतके प्रमाण चुकते, तिच्या वरच्या पायऱ्यांवर काहीच निसटत नसेल असे कशाच्या बळावर मानायचे? शिवाय एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. वरच्या न्यायालयांत म्हातारी पुन्हा उभी राहत नाही. धारवाडला आणि दिल्लीला जातो तो कागद. तेथे कन्नड साक्षीचे इंग्रजी भाषांतर होते, म्हणजे मराठी शंका दोनदा भाषा बदलून पोहोचते. जी शंका हिंडलग्याच्या वाटेवरच्या एखाद्या ठाण्यात गळून पडली, ती दिल्लीतला कितीही विद्वान न्यायाधीश कशी शोधणार?

शिडीच्या सगळ्या पायऱ्या चढूनही काय होऊ शकते, हे निठारी प्रकरणाने दाखवले. उत्तर प्रदेशातल्या नोएडात मुलांच्या हत्यांचे ते प्रकरण २००६ च्या अखेरीस उघडकीला आले आणि सारा देश हादरला. सुरेंद्र कोली याच्यावर अनेक खटले चालले. त्यांतल्या एका खटल्यात सत्र न्यायालयाने त्याला फाशी दिली, उच्च न्यायालयाने ती कायम केली, २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कायम केली आणि २०१४ मध्ये राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज फेटाळला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये फाशीचे वॉरंट निघून त्याला मेरठच्या तुरुंगात हलवले गेले होते. ऐन वेळी रात्री सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. जानेवारी २०१५ मध्ये, दयेच्या अर्जाला झालेल्या विलंबामुळे, फाशीची जन्मठेप झाली. पुढे ऑक्टोबर २०२३ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्याला इतर बारा खटल्यांत निर्दोष ठरवले, जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले आणि ११ नोव्हेंबर २०२५ रोजी क्युरेटिव्ह याचिकेवर या शेवटच्या खटल्यातही त्याची सुटका केली, कारण ज्या प्रकारचा कबुलीजबाब आणि वस्तूंची जप्ती बारा खटल्यांत अविश्वसनीय ठरली, तोच पुरावा तेराव्यात विश्वसनीय कसा मानायचा? त्या रात्रीची स्थगिती मिळाली नसती, तर २०२५ चा निकाल ऐकायला आरोपी जिवंत नसता. आणि त्या मुलांना कोणी मारले या प्रश्नाचे उत्तर आजही त्यांच्या आईवडिलांना मिळालेले नाही.

मुंबईच्या लोकलमधील ११ जुलै २००६ च्या बॉम्बस्फोटांत १८० हून अधिक माणसे गेली. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप दिली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष ठरवले. राज्य सरकारने त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली आहे. हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरायला त्या न्यायालयाने स्थगिती दिली, पण सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठवले नाही. फाशी झालेल्या पाचांपैकी एक जण मात्र या निकालापर्यंत पोहोचला नाही. २०२१ मध्ये कोरोनाने तो नागपूरच्या तुरुंगात मरण पावला. सरकारने दोर ओढला नाही, तरी ‘फाशीचा कैदी’ या नावाखालीच त्याचे आयुष्य संपले.

ती वाट पाहणे कसे असते, याचा दाखला हिंडलग्यातच आहे. पालार येथील १९९३ च्या सुरुंगस्फोटात दोषी ठरलेल्या वीरप्पनच्या चार साथीदारांना खालच्या न्यायालयाने जन्मठेप दिली होती. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वाढवून फाशी केली. त्यांच्या दयेच्या अर्जावर २०१३ मध्ये निर्णय झाला आणि जानेवारी २०१४ मध्ये, त्या दीर्घ विलंबामुळेच, त्यांची फाशी इतर अकरा जणांच्या फाशीबरोबर रद्द होऊन जन्मठेप झाली. उमेश रेड्डी हा याच कारागृहातला दुसरा कैदी. त्याच्या गुन्ह्याबद्दल शंका नव्हती. पण शिक्षा अंतिम होईपर्यंत फाशीच्या कैद्याला एकांत कोठडीत डांबता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्येच सांगितले असताना, त्याला वर्षानुवर्षे बेळगावात एकांतात ठेवले गेले. ४ नोव्हेंबर २०२२ रोजी न्यायालयाने या कारणासाठी त्याची फाशी रद्द केली आणि किमान ३० वर्षांची जन्मठेप दिली. ही माणसे निरपराध होती असे मी म्हणत नाही. पण ज्या कोठड्यांत ती होती, तशाच कोठड्यांत नाशिकचे ते सहा जणही होते आणि भिंतीला दोघांतला फरक कळत नाही.

‘मेलेल्यांचे काय? त्यांच्या घरच्यांचे काय?’ हा प्रश्न विचारणाऱ्याला मी कधीच उडवून लावणार नाही. ज्याच्या घरात खून झाला त्याच्यापुढे कायद्याची कलमे म्हणून दाखवणे क्रूरपणाचे आहे. फक्त एवढेच सांगेन, की चुकीचा माणूस पकडला जातो तेव्हा त्या घरावर दुसऱ्यांदा अन्याय होतो. नाशिकच्या निकालात न्यायालयाला सोळा वर्षांनी, साक्षीदाराने ओळखलेल्या त्या चौघांबाबत पुढील तपास करण्याचा आदेश द्यावा लागला. सोळा वर्षांनी तपासात काय हाती लागते, हे वेगळे सांगायला नको. जन्मठेपेतला माणूस निर्दोष ठरला तर त्याची गेलेली वर्षे परत येत नाहीत, पण तो स्वतः तरी घरी येतो. माझे मत स्पष्ट आहे: ज्या निकालाचा पाया एका अनुवादित वाक्यावर असू शकतो, त्या निकालावर कोणालाही मारू नये. न्या. अजित प्रकाश शहा यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने २०१५ मध्ये, दहशतवाद आणि देशाविरुद्ध युद्धाचे गुन्हे वगळता फाशी रद्द करावी, अशी शिफारस केली होती. २०१८ मध्ये आयोगाच्याच आणखी एका अहवालाने चुकीच्या खटल्यांत भरडलेल्यांना भरपाईसाठी स्वतंत्र कायद्याची शिफारस केली. तो कायदा अजून झालेला नाही. नाशिकच्या सहा जणांना जे पैसे मिळायचे होते, ते न्यायालयाच्या आदेशामुळे. हक्क म्हणून मागता येतील असा कायदा तेव्हाही नव्हता, आजही नाही.

फाशी राहील की जाईल हे दिल्लीत ठरेल. पहिला कागद बरोबर लिहिला जाईल की नाही, हे मात्र बऱ्याच अंशी आपल्या तालुक्यांत ठरते आणि त्यासाठी आज उपलब्ध असलेल्या काही गोष्टी आपल्याला ठाऊक असायला हव्यात. पोलिसांपुढच्या जबाबावर सही करावी लागत नाही. न वाचता आलेल्या पंचनाम्यावर पंच म्हणून सही करण्यापूर्वी तो मराठीत वाचून दाखवा, असे म्हणता येते. नव्या संहितेच्या कलम १०५ नुसार झडती आणि जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रण करणे आता बंधनकारक आहे. साक्षीदाराच्या जबाबाचे ध्वनिचित्रमुद्रण मात्र ऐच्छिक आहे, ‘करता येईल’ एवढेच. सीमाभागात ते सक्तीचे व्हावे असे मला मनापासून वाटते, कारण ‘काय की’ जसाच्या तसा टिकून राहील अशी जागा मूळ आवाजाहून दुसरी नाही. दोषारोपपत्र कन्नडमध्ये आले तर ते तेवढ्यावरून बेकायदा ठरत नाही. २०२३ मध्ये न्या. अभय ओक यांच्या खंडपीठाने हे स्पष्ट केले, पण आरोपी आणि त्याच्या वकिलाला ती भाषा येत नसेल तर लवकरात लवकर भाषांतर मागता येते, असेही सांगितले. ही मागणी पहिल्या तारखांनाच करायला हवी; खटला अर्धा झाल्यावर ती ऐकली जाण्याची शक्यता कमी. कोठडीत असलेल्या कोणालाही, त्याचे उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. १५१०० हा त्यासाठीचा राष्ट्रीय क्रमांक आहे. फाशीच्या कोठडीत पोहोचणारे बहुतेक जण गरीब असतात आणि पहिल्या दिवसापासून चांगला वकील न मिळणे हे त्यांच्या तेथे पोहोचण्याचे एक मोठे कारण असते, म्हणून हा क्रमांक गावागावांत माहीत असायला हवा.

आणि शेवटी कोर्टातली साक्ष. न्यायालयाची भाषा राज्य सरकार ठरवते. आपल्याकडे साक्ष कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत उतरवली जाते. पण संहितेच्या कलम ३१४ नुसार आरोपीला न समजणाऱ्या भाषेतली साक्ष त्याला समजेल अशा भाषेत खुल्या न्यायालयात सांगावी लागते. कलम ३१३ त्याहूनही कामाचे आहे आणि तेच सर्वांत जास्त घाईत उरकले जाते: साक्ष संपली की लिहिलेले सर्व साक्षीदाराला वाचून दाखवायचे, ती भाषा त्याला येत नसेल तर त्याच्या भाषेत समजावून सांगायचे, आणि तो म्हणाला की अमुक चुकले आहे, तर ते दुरुस्त करायचे किंवा त्याचा आक्षेप तेथेच नोंदवून ठेवायचा. खानापूरकडच्या त्या म्हातारीला हे कोणीतरी आदल्या दिवशी सांगून ठेवले पाहिजे. वाचून दाखवणारा मान खाली घालून भराभर वाचत असेल, बाहेर पुढच्या खटल्याचा पुकारा होत असेल, वकील कागद आवरत असतील. त्या वेळी तिने साक्षीच्या पिंजऱ्याचा कठडा धरून एवढेच म्हणायचे आहे, ‘साहेब, ‘काय की’ ऱ्हायलं बगा त्यात.’